लोकगीताचे ऋण

‘लोकगीत’ या शब्दातील ‘लोक’ हे पद दिसते तितके निरुपद्रवी नाही. गीत लोकांचे, म्हणजे कोणाही एकाचे नव्हे, असा अर्थ आपण सहज करतो. आणि जे कोणाही एकाचे नव्हे ते उचलण्यास कोणाची अनुज्ञा नको, हे अनुमान त्याच्या पाठोपाठ न बोलावता येते. वास्तविक ‘लोक’ कधी गात नसतात. गातो तो कोणी एक मनुष्य. त्यास नाव असते, गाव असते, घरी खाणारी तोंडे असतात; आणि ते नाव विचारून घेण्याचे श्रम ज्यांनी केले नाहीत त्यांच्या आळसावर ‘लोक’ या शब्दाचे पांघरूण फार सोईस्करपणे पडते. परंपरेकडून आपण जे घेतो त्याचे देणे कोणास द्यावयाचे, आणि ते कशाने फिटते, हा प्रश्न आम्हाला बरीच वर्षे अस्वस्थ करीत आला आहे. इतरत्र त्याचा विचार करू गेल्यास काळाचे धुके आड येते. गाण्याचा पहिला कर्ता कोण व पहिला उचल्या कोण, हे कोणी सांगू शकत नाही. अमेरिकेतील डोंगरी संगीताची गोष्ट तशी नाही. तेथे कोणाचीच नसलेली गाणी कोणाची तरी झाली ते साल, ते गाव आणि त्यांची किंमत, ही सर्व लिहून ठेवलेली आहेत.

अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलेशियन नावाची लांबच लांब डोंगरांची ओळ आहे. इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथून येऊन तिच्या खोऱ्यांत वस्ती करणाऱ्यांनी आपल्याबरोबर जुनी कथागीते आणि व्हायोलिनवर वाजवावयाच्या नाचाच्या चाली आणल्या. बँजो हे वाद्य आणले ते पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी. भोपळ्यावर कातडे ताणून केलेली त्याची भावंडे सेनेगल-गांबियाकडे आजही वाजतात. त्यात देवळातील भजने मिसळली, आणि न्यूयॉर्कसारख्या शहरांत छापलेली दिवाणखान्यातील हळवी गाणीही मिसळली. या मिश्रणास प्रथम ‘हिलबिली’, म्हणजे डोंगरी गावंढळांचे, असे हेटाळणीचे नाव मिळाले आणि पुढे ‘कंट्री’ हे सभ्य नाव. त्याची जी द्रुत लयीची, तंतुवाद्यांची शाखा, तिला ‘ब्ल्यूग्रास’ म्हणतात.

आता ते गाव. ब्रिस्टल नावाच्या गावाचा मुख्य रस्ता हीच व्हर्जिनिया व टेनेसी या दोन राज्यांची सीमा आहे. १९२७ च्या जुलैअखेरीस व्हिक्टर या ग्रामोफोन कंपनीसाठी राल्फ पीअर नावाचा गृहस्थ तेथे उतरला आणि टोप्यांच्या एका जुन्या वखारीत त्याने ध्वनिमुद्रणाची यंत्रे मांडली. पीअर हा संगीतज्ञ नव्हता. हिशेबी होता, आणि त्याचा हिशेब समजून घेतल्यावाचून पुढील कथा समजावयाची नाही. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याप्रमाणे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे गाण्याच्या मालकास दोन सेंट देणे कंपनीवर बंधनकारक होते. पीअरने कंपनीकडून वेतन घेतले नाही. त्याऐवजी गाण्यांचे स्वामित्वहक्क आपल्याकडे ठेवून घेतले. अर्थात त्यास अशीच गाणी हवी होती की ज्यांवर आधी कोणाचे नाव नोंदलेले नाही, किंवा नोंदलेले असल्यास ओळखू येत नाही. नवे गाणे उत्तम. परंतु जुने, बेवारशी, थोडेसे फिरवून घेतलेले गाणेही तितकेच उत्तम. गाणाऱ्यास प्रत्येक गाण्यामागे पन्नास डॉलर रोख, आणि पुढे विक्रीत अल्पसा वाटा. त्या दिवसांतील डोंगरी शेतकऱ्यास हे पन्नास डॉलर म्हणजे घबाड होते.

१ ऑगस्ट रोजी व्हर्जिनियातील मेसेस स्प्रिंग या खेड्याहून तीन माणसे त्या वखारीत आली. ए. पी. कार्टर हा फळझाडांची कलमे विकीत हिंडणारा मनुष्य. त्याची बायको सारा. आणि साराची जाऊ मेबेल, जी नात्याने तिची बहीणही होती. मेबेल अवघी अठरा वर्षांची होती व तिचे दिवस भरत आलेले होते. या तिघांनी दोन दिवसांत सहा गाणी दिली. त्याच आठवड्यात मिसिसिपीकडील जिमी रॉजर्स हा रेल्वेवर काम केलेला क्षयी तरुणही तेथे गाऊन गेला. कंट्री संगीताचा जन्म ब्रिस्टल येथे झाला असे म्हणण्याची जी चाल पडली आहे ती याचमुळे. आम्हाला ती फारशी मान्य नाही. मुलाचे नाव सरकारी दप्तरात ज्या दिवशी चढले तो त्याचा जन्मदिवस, असे म्हणण्यासारखेच ते आहे.

कार्टर कुटुंबाच्या तबकड्या खपू लागल्या आणि पीअरची मागणी वाढली. १९४१ पर्यंत या कुटुंबाने अडीचशेहून अधिक गाणी मुद्रित केली. इतकी गाणी एका खोऱ्यात कोठून असणार? म्हणून ए. पी. हिंडू लागला. दारोदार जाऊन, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या ओसरीवर बसून, खाणकामगारांना गाठून तो गाणी लिहून घेई, घरी आणून कोठे एखादे कडवे जोडी, कोठे ओळ बदली, आणि मग ते गाणे ‘ए. पी. कार्टर’ या नावाने नोंदले जाई. १९२८ मध्ये त्यांनी गाइलेले ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ हे डोंगराच्या कुशीतून उमललेले फूल म्हणून आजही वाखाणले जाते. मूळ गाणे १८६० साली छापलेले आहे, आणि त्याची चाल जोसेफ वेब्स्टर या धंदेवाईक संगीतकाराची आहे. तोंडोतोंडी जाता जाता त्यातील शब्दांची अशी मोडतोड झाली की काही ओळींना अर्थच उरला नाही. तरीही गाणे काही मेले नाही. पुढे १९३५ मध्ये त्यांनी १९०७ सालचे एक ख्रिस्ती भजन घेऊन त्याचे आईच्या अंत्ययात्रेचे गाणे केले. तेथे फिरवणाऱ्याने खरोखर काही निर्माण केले आहे, हे कोणीही रसिक कबूल करील. मुळे शोधू जाणाऱ्यास खाली मातीऐवजी पुष्कळदा छापखाना सापडतो, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.

ए. पी. कार्टरच्या या भ्रमंतीत एक अडचण होती. शब्द तो लिहून घेई. चाल त्याच्या ध्यानात राहत नसे. १९२८ च्या सुमारास टेनेसीतील किंग्स्पोर्ट येथे त्यास लेस्ली रिडल नावाचा तेवीस वर्षांचा एक कृष्णवर्णी तरुण भेटला. सिमेंटच्या कारखान्यातील अपघाताने रिडलचा उजवा पाय गेलेला होता. पुढे बंदुकीच्या अपघाताने उजव्या हाताची दोन बोटेही गेली. उरलेल्या बोटांनी तो गिटार वाजवी, आणि अशी वाजवी की ऐकणारा थक्क होई. एकदा ऐकलेली चाल तो विसरत नसे. पुढे कैक प्रवासांत हे दोघे बरोबर हिंडले. गोऱ्यांची व काळ्यांची बाके, दरवाजे आणि खानावळी जेथे कायद्यानेच वेगळ्या होत्या, त्या मुलुखात एक गोरा कलमविक्या व एक लंगडा काळा वादक काळ्यांच्या वस्त्यांतून आणि गोऱ्यांच्या ओसऱ्यांवरून गाणी गोळा करीत होते. कोणी गाणे म्हणे, ए. पी. शब्द उतरून घेई. रिडल चाल पाठ करी. घरी परत आल्यावर रिडल ती चाल सारा व मेबेल यांना शिकवी. कित्येक आठवडे तो त्यांच्याच घरी राही व जेवी. त्याने स्वतःची गाणीही त्यांना दिली. मेबेलने त्याच्या गिटारवरील बोटांची हालचाल बघून उचलली; ‘कॅननबॉल’ हे गाणे तिला त्याच्याकडून आले. ज्या मेबेलच्या वादनापासून अमेरिकेतील गिटारवादकांच्या पिढ्या शिकल्या, तिच्या वादनाचा एक धागा असा या तीन बोटांच्या हातापाशी पोचतो. तबकड्यांवर व नोंदवहीत नाव मात्र कार्टरचे; रिडलचे नाही.

ए. पी. कार्टरने चोरी केली काय? ‘होय’ असे चटकन् म्हणणारे आज पुष्कळ आहेत. आम्हास ते उत्तर फार स्वस्त वाटते. कार्टर नसता तर त्यातील बहुतेक गाणी त्या म्हाताऱ्यांबरोबर मातीत गेली असती. नोंदणीची रीत त्याने काढलेली नव्हती; ती पीअरची, आणि पीअरपेक्षाही अधिक कायद्याची होती. कायद्यास मालक हवा असतो, बेवारशी वस्तू त्यास सहन होत नाही. कार्टरने नाव घातले नसते तर दुसऱ्या कोणी घातले असते. शिवाय ज्यांनी गाणी सांगितली त्यांनाही ती दुसऱ्या कोणी सांगितलेलीच होती. या सर्व बचावांत तथ्य आहे. तरीही ते सर्व मान्य केल्यावर मनात काहीतरी खटकत राहते, आणि ते काय हे नेमके सांगण्यास आपल्याकडील ऋणत्रयाची जुनी कल्पना आम्हाला उपयोगी वाटते.

मनुष्य देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशी तीन ऋणे घेऊन जन्मास येतो, असे आपले पूर्वज मानीत. या कल्पनेतील खरी मार्मिकता ऋणांच्या संख्येत नसून ती फेडण्याच्या रीतीत आहे. पितृऋण बापाला पैसे देऊन फिटत नाही. ते स्वतः पुत्र वाढवून फिटते. ऋषिऋण ऋषींस काही परत नेऊन देण्याने फिटत नाही. ते अध्ययनाने फिटते. म्हणजे या देण्याचे तोंड मागे नाही, पुढे आहे. आम्ही स्वतः अध्यापक आहो. गुरूंच्या व्याख्यानांतील कित्येक वाक्ये आम्ही गेली पंचवीस वर्षे वर्गात जवळजवळ तशीच्या तशी म्हणत आलो आहो, आणि आमचे विद्यार्थी ती आमची समजून वहीत उतरून घेत आले आहेत. याची आम्हास लाज वाटत नाही. ती वाक्ये आम्ही गिळून बसलो असतो तर लाज वाटावयास हवी होती.

कार्टरचे परंपरेशी असलेले देणे हे या जातीचे आहे, आणि ते त्याने फेडले, पुरेपूर फेडले. परंतु रिडलचे देणे या जातीचे नाही. रिडल हा ऋषी नव्हता, पितर नव्हता, परंपरा नव्हता. तो जिवंत होता, शेजारी बसलेला होता, त्यास एक पाय नव्हता आणि उद्याची भाकरी मिळवावयाची होती. त्याचे देणे साध्या, व्यवहारातल्या, नावानिशीच्या देण्यांपैकी होते. कार्टरचा दोष आमच्या मते एवढाच, की त्याने हे दुसरे देणे पहिल्या देण्याच्या खात्यावर टाकले. मोठ्या व पवित्र ऋणाच्या आड लहान व रोख ऋण दडवणे हा अपराध सज्जन माणसांच्याच हातून अधिक होतो. दुर्जनास एवढ्या सबबीची गरज पडत नाही. आणि कार्टर सज्जन होता याविषयी आम्हास शंका नाही. ज्या काळी ज्या मुलुखात असे वागणे नव्हते, त्या काळी रिडलला त्याने आपल्या घरात पाहुण्यासारखे ठेवले. घरी जेवू घातले आणि नोंदवहीत नाव घातले नाही. त्यास यात विसंगती दिसली नसावी. आम्हालाही ती अंतरावरून दिसते.

येथे कोणी म्हणेल, की रिडलला वाटा द्यावा तर रिडलने ज्याच्याकडून गाणे घेतले त्यास का नको? आणि त्याच्याही मागच्यास? हिशेब अनंत होईल. आक्षेप तर्कास धरून आहे. पण त्यावरून निघते ते एवढेच, की हिशेब पुरा होणार नाही. जो हिशेब पुरा होत नाही त्याची पहिली रक्कमही देऊ नये, हा निष्कर्ष कोठल्याही तर्कशास्त्रात बसत नाही. मागे जाता जाता जेथे नावे हरवतात तेथून पुढे ‘लोक’ म्हणावे. नाव ठाऊक असताना म्हणू नये.

याची दुसरी बाजू बिल मन्रोच्या चरित्रात दिसते, आणि ती कमी बोधक नाही. केंटकीतील रोझीन गावी १९११ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पोरका झाला व पेन व्हँडिव्हर या आपल्या मामाजवळ राहिला. मामा व्हायोलिन वाजवी, आणि नाचाच्या बैठकींना भाच्यास साथीला नेई. आर्नल्ड शुल्ट्झ नावाचा एक काळा खाणकामगारही त्या बाजूस गिटार व व्हायोलिन वाजवीत असे. त्याच्याही बरोबर मन्रो नाचांना वाजवावयास गेला. शुल्ट्झ १९३१ मध्ये वारला. त्याच्या वादनाची एकही तबकडी नाही. मन्रोने या दोघांस कधी नाकारले नाही. मामावर त्याने गाणे रचून १९५० मध्ये मुद्रित केले, आणि शुल्ट्झचे ऋण तो मुलाखतींतून मोकळेपणाने सांगे. देणाऱ्यांविषयी इतका कृतज्ञ असलेला हा मनुष्य घेणाऱ्यांविषयी मात्र कमालीचा कृपण निघाला. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा तरुण तीन बोटांनी बँजो वाजवण्याची झपाटेदार रीत घेऊन त्याच्या ‘ब्ल्यू ग्रास बॉइज’ या मेळ्यात आला, लेस्टर फ्लॅट आधीच होता, आणि आज ज्यास ब्ल्यूग्रास म्हणतात तो नाद सिद्ध झाला. १९४८ मध्ये दोघे बाहेर पडून त्यांनी स्वतःचा मेळा काढला, तेव्हा मन्रोने फ्लॅटशी जो अबोला धरला तो १९७१ पर्यंत टिकला.

स्टॅनली बंधूंची हकीकत तर अधिकच गमतीची आहे. मन्रो आपल्या मेळ्यात ‘मॉली अँड टेनब्रूक्स’ हे दोन घोड्यांच्या शर्यतीचे गाणे म्हणत असे. स्टॅनली बंधूंनी ते ऐकले, जवळजवळ तसेच उचलले, आणि मन्रोची तबकडी बाजारात येण्यापूर्वी १९४८ मध्ये आपली काढली. पुढे मन्रोच्याच कंपनीने त्यांना करारबद्ध केले, तेव्हा रागावून मन्रोने ती कंपनी सोडली. आता ही शर्यत केंटकीतील लुइव्हिल येथे १८७८ साली खरोखर झालेली होती, आणि त्या गाण्याचे नाना पाठ मन्रो जन्मण्यापूर्वीपासून लोकांच्या तोंडी होते. मग मन्रो रागावला तो कशासाठी? गाण्यासाठी नव्हे. ती गती, तो उंच स्वर, बँजोची ती जागा, हे सर्व त्याने घडवले होते, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते उचलले जात होते. त्याचा राग आम्हास अन्यायाचा वाटत नाही. अदूरदर्शी मात्र वाटतो. कारण त्याचे अनुकरण झाले नसते तर ‘ब्ल्यूग्रास’ हे एका मेळ्याचे नाव राहिले असते, एका संगीतप्रकाराचे झाले नसते. पुढे तो स्वतःस त्या प्रकाराचा जनक म्हणवून घेऊ लागला. अनुकरण करणाऱ्यांवाचून जनक होता येत नाही, हे त्यास उशिरा उमगले; त्याच स्टॅनली बंधूंपैकी कार्टर स्टॅनली १९५१ मध्ये काही काळ त्याच्या मेळ्यात गात होता.

नावे विसरण्याचे काम नेहमीच एकट्यादुकट्याच्या हातून होते असे नाही. दप्तरेही ते करतात. तबकड्यांच्या कंपन्यांनी १९२० नंतरच्या दशकात दोन याद्या केल्या: काळ्यांच्या गाण्यांची एक, गोऱ्या डोंगरी लोकांच्या गाण्यांची दुसरी. खेड्यापाड्यांत काळे व गोरे वादक एकमेकांच्या चाली वाजवीतच होते. परंतु व्हायोलिन-बँजोवर नाचाची धून वाजवणारा काळा मनुष्य कोणत्याच यादीत नीट बसेना, म्हणून त्याचे फारसे ध्वनिमुद्रण झाले नाही. आणि दोन पिढ्यांनंतर बँजो हे गोऱ्या डोंगऱ्यांचेच जन्मजात वाद्य, असे सुशिक्षितही समजू लागले. सेसिल शार्प या इंग्रज संग्राहकाचा कानही असाच अरुंद होता. १९१६ ते १९१८ या काळात मॉड कार्पेलीस या आपल्या सहायिकेसह त्याने त्या डोंगरांतून दीड हजारांहून अधिक चाली टिपल्या; पण तो इंग्लंडच शोधीत गेला होता, आणि काळ्यांच्या संगीताकडे त्याने लक्ष दिले नाही. तथापि एका गोष्टीसाठी आम्ही त्यास वंदन करतो. छापलेल्या प्रत्येक चालीबरोबर त्याने गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख दिली आहे. उत्तर कॅरोलिनातील हॉट स्प्रिंग्ज येथील जेन जेंट्री या बाईने त्यास साठांहून अधिक गाणी सांगितली. शतकानंतरही ती गाणी त्या बाईच्या नावाने ओळखता येतात. कार्टरचा कान उदार होता आणि वही कृपण. शार्पची वही उदार होती आणि कान कृपण. दोन्ही एका माणसात असावीत, ही अपेक्षा आम्हास फार मोठी वाटत नाही.

अलीकडे ती काही ठिकाणी पुरी झाली आहे. उत्तर कॅरोलिनातील मेबेन गावचा जो थॉम्पसन (१९१८–२०१२) हा वृद्ध काळा व्हायोलिनवादक आपल्या घराण्याच्या जुन्या धुना एकटाच सांभाळून होता. २००५ मध्ये तीन तरुण काळे वादक त्याच्या घरी जाऊन शिकू लागले आणि त्यांनी ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ हा मेळा काढला. २०११ मध्ये त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. आपण कोणाकडून शिकलो हे ते जेथे तेथे नाव घेऊन सांगत, आणि थॉम्पसन तेव्हा ऐकावयास हयात होता.

रिडलच्या वाट्याला हे अर्धवट आले. १९४२ मध्ये तो उत्तरेस न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे राहावयास गेला. पुढे गिटारही त्याने विकून टाकली. कार्टर कुटुंबाचा मेळा त्याच सुमारास, १९४३ मध्ये, मोडला, ए. पी. १९६० मध्ये वारला. माइक सीगर या वादक-संग्राहकास रिडलचे नाव प्रथम कळले ते मेबेलकडून. वहीत जे नव्हते ते तिच्या स्मरणात होते. १९६५ मध्ये सीगरने त्यास रॉचेस्टर येथे शोधून काढले, पुन्हा वाजवावयास लावले, आणि पुढे कित्येक वर्षे त्याचे वादन मुद्रित करून ठेवले. त्यातील निवडक गाण्यांची तबकडी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तोपर्यंत रिडल जिवंत राहिला नाही. तिच्या नावात लेस्ली रिडल आधी येतो आणि कार्टर कुटुंब मागून.